दिवा घेण्याआधी दोरी टाकून बघा

आज आमचा बचत गट सायकलच्या दिव्याबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण याच लहान गोष्टीवरून आमच्या गावातल्या एका मुलीचं कॉलेज सुटायची वेळ आली होती.

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या. गावापासून एस.टी.चा फाटा पाच किलोमीटर, त्यातले तीन किलोमीटर जंगलातून. मुरमाची वाट, मध्ये एक नाला, दोन्ही बाजूंना साग आणि मोह. गटातल्या एका ताईंची लेक अकरावीला आहे. ती सकाळी सायकलनं फाट्यावर जाते, टपरीवर सायकल ठेवते आणि एस.टी. पकडते. परतीची गाडी येते सहा वाजता. पावसाळ्यात त्या वेळी दिसतं. दिवाळीनंतर मात्र साडेपाचलाच दिवस बुडतो. घरचे म्हणाले, "आता बंद करू." मासिक बैठकीत ताई हे सांगता सांगता रडल्या.

आम्ही लगेच वर्गणी काढून बाजारातून एक दिवा आणला. डब्यावर मोठमोठे आकडे होते, म्हणून घेतला. चौथ्या दिवशी नाल्याच्या उतारावर तो हँडलवरून सुटला, दगडावर आपटला आणि विझला. पोरगी अंधारात सायकल ढकलत घरी आली. चूक आमची होती. बी-बियाणं घेताना आपण मूठभर हातात घेऊन बघतो, आणि दिवा मात्र डबा बघून घेतला.

दुसऱ्या वेळी आम्ही तसं केलं नाही. ओळखीच्या दुकानदाराला सांगून तीन दिवे एका रात्रीपुरते आणले. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या वाटेवर गेलो. वीस पावलांवर तीन वस्तू ठेवल्या: एक दगड, एक वाळकी काटकी आणि एक काळी दोरी. मग एकेक दिवा हँडलला लावून बघितलं. दोरीला साप समजून माणूस घाबरतो असं आपण म्हणतो. रात्रीच्या वाटेवर उलट होतं, सापालाच दोरी समजून आपण पुढे जातो. मण्यार तर रात्रीच फिरते. म्हणून जो दिवा दगड, काटकी आणि दोरी वेगवेगळी दाखवेल, तोच घ्यायचा असं ठरलं. तिघांतला सगळ्यात महाग दिवा या परीक्षेत नापास झाला. त्याचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पसरत होता, वाटेवर थोडाच पडत होता.

वीस पावलंच का? हिशेब सोपा आहे. सायकल तासाला दहा किलोमीटरनं चालली तर एका सेकंदात जवळपास तीन मीटर जाते. आपली वीस पावलं म्हणजे साधारण बारा मीटर. म्हणजे आपल्या हातात चार सेकंद असतात. तेवढ्यात दिसायचं, समजायचं आणि ब्रेक लावायचा. दिवा पाच पावलंच दाखवत असेल तर एकच सेकंद मिळतो. उतारावर वेग दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो. म्हणून दिवा कितीही चांगला असला तरी उतारावर सायकल हळूच.

आता डब्यावरच्या आकड्यांबद्दल. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. तो उजेड कुठं पडतो हे त्यातून कळत नाही. हळू चालवणाऱ्या सायकलला आमच्या वाटेवर खरे दोनशे-तीनशे लुमेन पुरले. स्वस्त दिव्यावर दहा हजार लिहिलं असेल तर हसून खाली ठेवा. चार्जिंगच्या दिव्यात बोटाएवढा गोल सेल असतो, त्यावर बहुतेक १८६५० असं लिहिलेलं असतं. ते त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या सेलमध्ये साधारण ३५०० एमएएचपर्यंत वीज मावते. कुणी ९९०० छापलं असेल तर ते खोटं. पायलीच्या मापात तीन पायल्या धान्य मावत नाही, तसंच हे.

दिवा किती वेळ चालतो हेही घरीच बघता येतं. पूर्ण चार्ज करा, पूर्ण उजेडावर लावून ठेवा आणि कधी मंद होतो ती वेळ लिहून ठेवा. आमच्या मुलीला रोज पाऊण तास लागतो. विजेचा भरवसा नाही, म्हणून तीन तास टिकणारा दिवा निवडला. एक दिवस लाईट गेली तरी अडत नाही. चार्जिंगला लावून झोपू नका, अंथरुणावर तर ठेवूच नका. फुगलेला सेल वापरू नका आणि चुलीत टाकू नका, तो फुटतो.

बैठकीत आजींनी विचारलं, "जुना डायनॅमो काय वाईट होता?" वाईट नव्हता. सेलचा खर्च नाही, चार्जिंग नाही. पण तो चाकावर चालतो. चढावर सायकल मंदावली की उजेड मंदावतो, आणि थांबलो की विझतो. जंगलात नेमकं थांबल्यावरच जास्त बघायचं असतं. डांबरी रस्त्यावर जाणाऱ्यांनी तो खुशाल वापरावा.

काही जणी म्हणाल्या, डोक्याला बांधायची बॅटरी घेऊ. तिचा फायदा आहे, मान वळवली की वळणापलीकडे उजेड जातो. पण खड्डा ओळखायला हँडलवरचा दिवा बरा. तो खाली असल्यामुळे खड्ड्यात सावली पडते आणि खोली कळते. डोक्यावरच्या उजेडात सावली दिसत नाही, वाट सपाट भासते. म्हणून पहिला दिवा हँडलला. पैसे उरले तर दुसरा डोक्याला, नाहीतर एक छोटी बॅटरी दप्तरात असू द्या. मुख्य दिवा विझला तर घरापर्यंत येता आलं पाहिजे.

दिवा बसवताना पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. घसरत नाही आणि हादरेही कमी बसतात. उजेडाचा मधला भाग दहा-बारा पावलांवर पडेल असा थोडा खाली झुकवा. वर ठेवला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि थंडीतल्या धुक्यात आपल्यालाही पांढरी भिंतच दिसते. मागे लाल दिवा लावा, कारण फाट्याजवळ मागून ट्रॅक्टर आणि ट्रक येतात. मडगार्डला आणि पायडलला रेडियमची पट्टी चिकटवा. पायडल वरखाली होतं, त्यामुळे ती पट्टी गाडीवाल्याच्या लगेच नजरेत भरते.

आम्हाला सगळा खर्च आला सहाशे रुपये: पुढचा दिवा चारशे तीस, मागचा एकशे वीस आणि रेडियम पन्नास. गटातून बिनव्याजी दिले, महिन्याला पन्नासप्रमाणे बारा हप्ते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एका वहिनींनी विचारलं, "उजेडाला वाघ भितो का?" त्या भरवशावर राहू नका. दिवा आपल्याला वाट दाखवतो, वाघाला किंवा अस्वलाला अडवत नाही. दूरवर डोळे चमकले तर पुढे जायचं नाही. सायकल फिरवायची घाई न करता, पाठ न दाखवता, सावकाश मागे यायचं. एकटीनं जायचं नाही, बोलत जायचं, घंटी वाजवत जायचं. वन विभागानं बंद केलेल्या वाटेवर दिवा घेऊनही जायचं नाही. वाघ दिसल्याची माहिती १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि मोहफुलं वेचायला, हातात दिवा आहे म्हणून पहाटेच्या अंधारात निघू नका. उजाडू द्या. फुलं तासाभरानं पळून जात नाहीत.

आमची लेक आता एकटी येत नाही. शेजारच्या टोल्यावरच्या तीन मुली फाट्यावर तिच्यासाठी थांबतात. पुढच्या आणि मागच्या सायकलला दिवा, मधल्या दोघी त्या उजेडात. दिवाळी होऊन तीन महिने झाले, कॉलेज चालू आहे. परतीची गाडी तासभर आधी सोडा असा अर्ज ग्रामसंघानं सह्या घेऊन एस.टी.च्या आगारात दिलाय. गाडी लवकर आली तर दिव्याचं काम निम्मं होईल. उत्तर अजून आलेलं नाही, आम्ही दर पंधरा दिवसांनी विचारायला जातो.

तुमच्या गावातही अशी एखादी वाट असेल. पुढच्या बैठकीला येताना कुणीतरी एक काळी दोरी घेऊन या. अंधार पडला की वीस पावलं मोजा आणि आपला दिवा काय दाखवतो ते बघा.