धाराशिव : नाव आणि जमीन
(पालम येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



उत्तर आयर्लंडमध्ये एक काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच, अशी आहे की तिचे नाव घेताच बोलणाऱ्याचा पक्ष कळतो. राष्ट्रवादी ‘डेरी’ म्हणतात, ब्रिटनशी एकनिष्ठ असलेले ‘लंडनडेरी’. १६१३ साली लंडनच्या व्यापारी संघांच्या हाती तेथील जमीन गेली, तेव्हा ‘लंडन’ हे उपपद आले. वाद नावाचा दिसतो. मूळ जमिनीत आहे.

आपल्या उस्मानाबादचे २०२३ साली जिल्ह्यासह धाराशिव झाले. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळल्या. धाराशिव हे जुनेच नाव. निजामाशी लढलेल्या मराठवाड्याने निजामाच्या नावासाठी का हळहळावे? मात्र त्या निमित्ताने मुसलमान शेतमजुराला परका ठरविण्याचा उद्योग आपण खपवून घेता कामा नये.

नावाचा प्रश्न क्षुल्लक, असे मी म्हणणार नाही. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या; नामविस्तारास १९९४ उजाडले. त्या मागणीत समता होती, म्हणून गावोगावचे सत्ताधारी बिथरले. धाराशिवच्या नामांतराने कोणत्या बागाईतदाराची झोप उडाली?

बालाघाटच्या पठारावरचा हा जिल्हा. आठ तालुके, ७,५६९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत १६,५७,५७६ माणसे, त्यांतली पाचांपैकी चाराहून अधिक खेड्यांत. पाऊस बेभरवशाचा. केंद्राने २०१८ साली मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले (नाव ठेवण्यात सरकारचा हात कोण धरणार!), त्यांत हा होता. हंगाम आला की तेथून ऊसतोडीला गाड्या निघतात, आपल्या भागातून निघतात तशाच. रेशनकार्डावर जिल्ह्याचे नाव बदलले. कोयत्याची उचल अजून मुकादमच ठरवितो.