देखाव्यात कोण उभं आहे?



१९८२ साली अमेरिकेच्या दोन टोकांना दोन मोठ्या प्रतिकृतींचं काम चालू होतं. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ डिस्नी कंपनी एका तळ्याच्या काठाने नऊ देश उभे करत होती. १ ऑक्टोबरला ते एप्कॉट नावाचं उद्यान लोकांसाठी उघडलं. पुढे १९८४ मध्ये मोरोक्को आणि १९८८ मध्ये नॉर्वे आले, आणि देश अकरा झाले. १९८२ मध्येच इथे, कॅलिफोर्नियातल्या आपल्या फ्रीमाँटमध्ये, मिशन सान होजेचं जुनं चर्च पुन्हा बांधायला सुरुवात झाली. मूळचं कच्च्या विटांचं चर्च १८०९ सालचं. २१ ऑक्टोबर १८६८ च्या भूकंपात ते कोसळलं होतं. नवं चर्च जुन्याबरहुकूम बांधून १९८५ मध्ये पूर्ण झालं. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना तिथे घेऊन जातो. पांढऱ्या भिंती आणि मागचा मिशन पीक असा फोटो बहुतेकांच्या घरी असेल.

या दोन्ही ठिकाणांविषयी आज मला एकच प्रश्न विचारायचा आहे. देखावा कोणी मांडला, आणि त्यात उभं राहून बोलायचा अधिकार कोणाला आहे?

खरं-खोटं हा माझा प्रश्न नाही, हे आधीच सांगते. एप्कॉटचं व्हेनिस खोटं आहे अशी टीका पुष्कळ झाली, पण मराठी माणसाला तिचं काय? देखावे बघत आपण लहानाचे मोठे झालो. लालबागला गणेश गल्लीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रसिद्ध देवळाची प्रतिकृती उभी राहते. पुण्यात लोक रात्र रात्र पेठांतून देखावे बघत फिरतात. ते प्लायवूड आणि कापड आहे हे प्रत्येकाला माहीत असतं आणि त्यामुळे आनंद कमी होत नाही. पण गणपतीचा देखावा ज्या गल्लीत उभा असतो, त्याच गल्लीच्या वर्गणीतून आणि तिच्याच पोरांच्या हातांनी तो झालेला असतो. काही चुकलं तर कोणाला विचारायचं हे गल्लीला ठाऊक असतं. आंतरराष्ट्रीय देखाव्यात नेमकं हेच बदलतं.

एप्कॉटचं ते तळं एकदा तरी सावकाश फिरावं असं आहे. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची. चीनमध्ये बीजिंगच्या स्वर्गमंदिराची छोटी प्रतिकृती आहे. जपानमध्ये होर्यूजीच्या धर्तीवरचा पाच मजली पॅगोडा आहे, आणि तिथलं दुकान मित्सुकोशी या जपानी पेढीचं आहे, जिचं मूळ १६७३ पर्यंत जातं. मोरोक्कोच्या भिंतींवरचं फरशांचं नक्षीकाम करायला राजा हसन दुसरा यांनी आपले कारागीर पाठवले होते. माझ्या मते त्या तळ्याकाठची सर्वांत सुंदर जागा तीच. कारागिराला घाई करायला लावली नाही हे त्या भिंतींकडे बघून कळतं.

यातल्या बहुतेक इमारती आहेत त्यापेक्षा उंच भासाव्यात अशा रचलेल्या आहेत. वरचे मजले, वरच्या खिडक्या हळूहळू लहान होत जातात आणि डोळा फसतो. फ्रान्समधला आयफेल टॉवर त्याच हिशेबाने छपरांच्या मागे उभा आहे. एकच घर उलट्या पद्धतीचं आहे, आणि ते यजमानाचं. अमेरिकेची इमारत चांगली पाच मजली असून जेमतेम अडीच मजल्यांची वाटते, कारण वसाहतकाळातलं घर एवढं उंच नसायचं. पाहुण्यांना मोठं दाखवून स्वतः लहान दिसणारा यजमान, हे मला मनापासून आवडतं.

पण आत गेल्यावर दुसरा फरक दिसतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या घरात बेंजामिन फ्रँकलिन आणि मार्क ट्वेन यांचे यांत्रिक पुतळे देशाची कहाणी सांगतात. त्या कहाणीत फ्रेडरिक डग्लस येतात आणि गुलामगिरीविषयी बोलतात. नेझ पर्स जमातीचे प्रमुख जोसेफ येतात आणि आपल्या लोकांची हार सांगतात. सुझन अँथनी स्त्रियांचा हक्क मागतात. शेवट गौरवाचाच होतो, तरी आपल्या दुखऱ्या जागा दाखवायची मुभा यजमानाने स्वतःला घेतलेली आहे. उरलेल्या दहा घरांत गाणं आहे, जेवण आहे, हस्तकला आहे, भांडण मात्र कुठेच नाही. जर्मनीत बिअर आणि गावचा चौक. मेक्सिकोत पिरॅमिडच्या पोटात कायमची संध्याकाळ. पाहुण्याने हसत राहायचं. आपल्या घरातलं दुःख आणि वाद सांगायला त्याला त्या तळ्याकाठी जागा नाही.

त्या घरांत जिवंत माणसं असतात, हे डिस्नीचं श्रेय. त्या त्या देशातले तरुण वर्षभरासाठी येऊन तिथे काम करतात आणि छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचं गाव लिहिलेलं असतं. एच-वन व्हिसा ज्याला तोंडपाठ आहे अशा या सभागृहाला हे ऐकून मौज वाटेल की या मुलांसाठी क्यू-वन नावाचा वेगळा व्हिसा आहे. १९९० च्या कायद्यात तो आला आणि सांस्कृतिक देवाणघेवाण हाच त्याचा हेतू आहे. या मुलांना प्रश्न विचारावेत. तुमच्या गावात आता काय चाललंय, घरी कोण असतं, हे घर तुम्हाला आपलं वाटतं का. अशी पाच मिनिटं मिळाली तर अख्ख्या इमारतीपेक्षा जास्त मिळतं.

घराची मालकी बदलली की कहाणीही बदलते, याचं उदाहरण नॉर्वे. ते घर नॉर्वेच्या सरकारच्या आणि तिथल्या कंपन्यांच्या मदतीने झालं होतं. आत नावेतून जाताना व्हायकिंग, लोककथांमधले राक्षस, समुद्रातल्या तेलविहिरी असा सगळा प्रवास होता. पुढे नॉर्वेकडून येणारा पैसा थांबला. २०१४ मध्ये ती नाव बंद झाली, आणि २०१६ पासून तिथे डिस्नीच्याच ‘फ्रोझन’ चित्रपटाच्या राजकन्या आहेत. तो चित्रपट एका काल्पनिक राज्यात घडतो. मुलांना तो आवडतो आणि त्यात वाईट काही नाही. पण नॉर्वेच्या घरात आता नॉर्वेची गोष्ट कमी आहे.

भारताचं घर तिथे नाही. जवळच्याच अॅनिमल किंगडम या डिस्नीच्या उद्यानात ‘आनंदपूर’ आहे. ते कुठल्याच देशात नाही. भारत, नेपाळ, इंडोनेशिया यांच्या खुणा एकत्र करून ते गाव कल्पलेलं आहे. महाराजाचा पडका वाडा आहे आणि त्या अवशेषांत वाघ फिरतात. काम उत्तम झालंय. रंग उडालेल्या भिंती, तारांची गुंतागुंत, सगळं बारकाईने टिपलेलं. पण आनंदपूरचा रहिवासी कोणीच नसल्यामुळे, हे असं नाही हो, असं म्हणायलाही कोणी नाही.

अशा देखाव्यांची मुळं जुनी आहेत. १८८६ मध्ये लंडनला साऊथ केन्सिंग्टनमध्ये वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं प्रदर्शन भरलं. एका उभारलेल्या राजवाड्याच्या अंगणात हिंदी कारागीर काम करताना दाखवले होते. विणकर होते, तांबट होते, कुंभार होता. खेड्यातले अस्सल परंपरागत कारागीर म्हणून लोक त्यांना बघत. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात हा धंदा शिकले होते आणि त्या तुरुंगाचे अधीक्षक जॉन टायलर यांनी त्यांना आणलं होतं. त्यांतला म्हातारा कुंभार बक्षीराम. व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडाने त्याचं व्यक्तिचित्र काढलं, आणि ते राणीच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये लागलं. अप्रतिम चित्र आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पांढरी दाढी, खाली वळलेली नजर. लाखो लोकांनी बक्षीरामला चाक फिरवताना पाहिलं. त्याने मात्र त्या लोकांत काय पाहिलं, हे कोणी लिहून घेतलं नाही.

सात वर्षांनी शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. वॉल्ट डिस्नींचे वडील इलायस तिथे सुतारकामाला होते. तिथल्या मिडवे प्लेझन्सवर कैरोचा रस्ता होता, जावाचं खेडं होतं, दाहोमीचं खेडं होतं, आणि त्यांत त्या त्या ठिकाणची माणसं बघण्यासाठी ठेवलेली होती. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, काही किलोमीटरवर, सप्टेंबर १८९३ मध्ये सर्वधर्म परिषद भरली. विवेकानंद आपल्याला माहीत आहेत. त्याच व्यासपीठावर मुंबईहून ब्राह्मसमाजाचे बी. बी. नगरकर आले होते, आणि ते बोलले हिंदुस्थानातल्या समाजसुधारणेच्या कामावर. परक्या देशात, हजारो लोकांसमोर, आपल्या समाजात काय दुरुस्त करायचं आहे हे एक मराठी माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो! मिडवेवरच्या दाहोमीच्या माणसाला हे शक्य नव्हतं. नगरकर आज कोणाच्या फारसे लक्षात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या मिशन सान होजेकडे वळू. १७९७ मध्ये स्थापन झालेलं हे मिशन कॅलिफोर्नियातल्या एकवीसपैकी चौदावं. ते बांधलं इथल्या ओहलोनी लोकांच्या हातांनी. चर्चपासून जवळच, वॉशिंग्टन बुलेवार्डवर, ओहलोनी दफनभूमी आहे. सुमारे चार हजार माणसं तिथे पुरलेली आहेत. गोवर, देवी, बदललेलं अन्न, सक्तीचं जगणं यांनी ती गेली. चर्च पुन्हा उभं राहिलं, पण चर्चच्या फोटोत दफनभूमी येत नाही. पाहुण्यांना चर्च दाखवल्यावर तिथेही न्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि कायोटी हिल्सला न्यावं. तिथे खाडीकाठच्या ओहलोनी वस्तीची जागा जपलेली आहे. तिथे भरणाऱ्या ओहलोनी मेळाव्यात आजचे ओहलोनी स्वतः येतात, टोपल्या विणून दाखवतात, आपल्या भाषेविषयी सांगतात. तोही देखावाच आहे. पण मांडणारे तेच आणि उत्तर देणारेही तेच. आपण संपलो नाही, हे ते समोर बसून सांगतात.

या गावात देखावा नसलेले देश तर पावलोपावली आहेत. १९५६ मध्ये पाच गावं एक होऊन झालेलं हे शहर. सेंटरव्हिलमध्ये १९७९ नंतर अफगाण कुटुंबं येत गेली आणि छोटं काबूल झालं. गुरुद्वारा १९७८ पासून आहे. मेथडिस्ट चर्च आणि मशीद शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या रस्त्याचं नाव पीस टेरेस. तिथे तिकीट नाही आणि तिथे कोणी आपल्यासाठी उभंही नाही. लोक राहतात, आपण अफगाणी बोलाणी विकत घेतो आणि घरी येतो. शेजारी राहून आपण एकमेकांना एप्कॉटमधल्या त्या मुलांइतकंही विचारत नाही, हे मला खटकतं.

आणि आपण? ऑगस्टमध्ये फ्रीमाँटच्या रस्त्यावरून स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघते. चित्ररथ असतात, ढोल-ताशे असतात. मराठी माणसांनी मिरवणुकीत उतरायचं म्हटलं की शिवाजी महाराज, लेझीम, दिंडी, नऊवारी हे ठरलेलं. मला हे सगळं प्रिय आहे आणि ढोलाचा पहिला ठोका पडला की अंगावर काटा येतो. पण आपणही पाहुण्यासारखं फक्त हसतच उभं राहायचं का? महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. कोल्हापूरजवळ कणेरी मठात गावगाड्याचे सुरेख पुतळे आहेत. लोहार, कुंभार, न्हावी, सगळे बलुतेदार आपापल्या कामात. मुलांना जरूर दाखवावेत. पण पुतळ्यांचं ते गाव समाधानी आहे, आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला त्याच गावगाड्यात काय सोसावं लागलं हे पुतळे सांगत नाहीत. कोल्हापुरातच शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती घडवणाऱ्या माणसाशी बोललात, तर तो मातीच्या भावापासून प्लास्टरच्या बंदीपर्यंत सगळं सांगेल.

जातीचा विषय इथे नाजूक आहे, मला ठाऊक आहे. २०२३ मध्ये आपल्याच भागाच्या राज्य सिनेटर आयेशा वहाब यांनी जातिभेदाविरुद्धचं विधेयक आणलं. ते विधिमंडळात संमत झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. या सभागृहातही त्याविषयी दोन मतं असतील. तरीही मी म्हणते की या विषयावर आपण दुसऱ्याने बोलायची वाट बघू नये. हे आपल्या घरातलं आहे आणि त्यावर बोलणारी आपली माणसं थोर आहेत.

मिशन सान होजेचं चर्च ज्या वर्षी पडलं, त्याच १८६८ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये त्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं युनायटेड स्टेट्सच्या लोकांना, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. पुण्यातल्या एका मराठी माणसाने या देशाला पुस्तक अर्पण केलं, आणि या देशात राहणाऱ्या किती मराठी मुलांना ते माहीत आहे?

म्हणून पुढच्या ऑगस्टसाठी माझी एक सूचना आहे. महाराज असू द्या, दिंडी असू द्या. त्यांच्यामागे एका चित्ररथावर तो हौद बांधा. साधा, चौकोनी, चार जण उचलू शकतील असा. शेजारी इथे वाढलेली आपली दोन मुलं उभी करा, ज्यांनी ‘गुलामगिरी’ वाचलेलं आहे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अफगाण आजीने, पंजाबी काकांनी, ओहलोनी शेजाऱ्याने विचारलं की हा हौद कसला, तर त्यांना इंग्रजीत, न अडखळता, खरं ते सांगता आलं पाहिजे. तयारीला वर्ष पुरेल. ज्यांना यात काम करायचं आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं. नावं मी आजच लिहून घेते.