उलटणारे मनाचे आजार



आम्ही डॉक्टर नाही. परभणीत बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. तरी मंडळाने हा विषय आम्हाला दिला, कारण हा आजार आमच्या घरात आहे आणि आम्ही तो लपवीत नाही. धाकट्या भावाला तो आहे. त्याच्या संमतीनेच बोलत आहोत.

२००५ साली, कॉलेजात असताना, त्याला पहिल्यांदा उदासी आली. दोन महिने तो अंथरुणातून उठेना, धड जेवेना. परीक्षेचा ताण, असे म्हणून आम्ही सोडून दिले. तो आपोआप सावरला. वर्षभराने सगळे उलटे झाले. रात्री दोन-तीन तास झोप, तरी थकवा नाही. बोलणे थांबेना. कापसाचा व्यापार करतो म्हणून तिघांकडून उसने पैसे आणले आणि आठवड्यात उडवले. सुरुवातीला आम्हाला वाटले, पोरगा कामाला लागला. आई तर खूश होती. एका नातलगाने बाहेरची बाधा म्हणून त्याला एका ठिकाणी नेलेही. अंगारे-धुपारे सोडले असे आपण म्हणतो. पण घरातला माणूस रात्रभर बडबडू लागला की भल्याभल्यांचे पाय तिकडे वळतात.

पुढे पुन्हा उदासी आली, तेव्हा डॉक्टर गाठला. मधल्या उन्मादाविषयी मात्र आम्ही चकार शब्द काढला नाही. तो आजार होता हेच कळले नव्हते. उदासीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात तो पुन्हा उन्मादात गेला. बायपोलर म्हणजे द्विध्रुवी आजारात उदासीचे औषध एकटे दिले तर काहींच्या बाबतीत असे होऊ शकते. ज्यांना फक्त उदासीच पुन्हा पुन्हा येते, त्यांचा आजार वेगळा आणि उपचारही वेगळे. म्हणून निदान महत्त्वाचे.

हे निदान रक्ताच्या तपासणीत किंवा फोटोत दिसत नाही. थायरॉईड तपासतात, ते त्याच्या बिघाडानेही अशी मरगळ येते म्हणून. बाकी सारे मागच्या हकिकतीवर. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली का, झोप कमी होऊनही उत्साह उतू गेल्याचा आठवडा कधी आला होता का, घराण्यात कोणाला असे होते का, हे डॉक्टरांना घरच्यांनीच सांगायचे असते. खातेदाराची आजची शिल्लक पाहून त्याचा व्यवहार कळत नाही, पासबुकाची मागची पाने पाहावी लागतात, तसेच हे.

भावाला लिथियम लागू पडले. हा एक क्षार आहे. उन्मादावर त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली दाखवला. त्याने आजार उलटणे कमी होते, आत्महत्येचा धोकाही घटतो. पण उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉईड ठरावीक काळाने तपासावे लागतात. आपल्या परभणीच्या उन्हाळ्यात तर जास्तच जपावे लागते. घाम, जुलाब, उलट्या यांनी अंगातले पाणी कमी झाले, किंवा मीठ एकदम तोडले, की औषध रक्तात साठते. मेडिकलमधून मनाने आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनीही तेच होते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठी चूक आम्ही पुढेच केली. तो दोन वर्षे चांगला होता. लग्न ठरले. सासरी गोळ्या दिसायला नकोत, असे थोरामोठ्यांनी सांगितले आणि आम्ही त्या बंद केल्या. लग्नानंतर तीन महिन्यांत आजार उलटला आणि त्या मुलीला कशाचीच कल्पना नव्हती. तिला न सांगता लग्न लावले याची शरम आम्हाला आजही आहे. ती खंबीर निघाली, हा तिचा मोठेपणा. आज कॅलेंडरवर त्याची झोप तीच लिहून ठेवते. सलग दोन रात्री झोप घटली की डॉक्टरांना फोन. बरा असताना त्याने स्वतःहून एटीएम कार्ड तिच्याकडे दिले आणि खाते दोघांच्या सहीचे केले. आमच्या बँकेतल्या नोकरीचा घराला झालेला उपयोग एवढाच.

उपचारासाठी आता पुण्या-मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. १९९६ साली देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्याने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात परभणी होता. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली तर त्याला एकटे सोडू नका, घरातली फवारणीची औषधे हलवा आणि लगेच दवाखान्यात न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही या आजारांना इतर आजारांप्रमाणेच धरणे बंधनकारक केले आहे; पॉलिसी घेताना विचारून घ्या.

सभेनंतर कोणाला एकांतात काही विचारायचे असेल तर आम्ही थांबणार आहोत. जय भीम.