लोहचुंबक आणि मोडलेलें हाड

मोडलेलें हाड सांधण्याचें काम वैद्य करीत नाहीं. तें शरीर स्वतःच करतें. वैद्य फक्त हाडाचीं दोन टोकें समोरासमोर आणून तीं हलणार नाहींत अशी व्यवस्था करतो. बहुधा एवढ्यानें भागतें. परंतु कांहीं रोग्यांच्या बाबतींत महिन्यांमागून महिने लोटतात, तरी क्ष-किरणांच्या चित्रांत भेग तशीच दिसते. नडगीच्या हाडाचा असा अनुभव विशेष येतो. घरांतील कर्ता पुरुष अंथरुणास खिळला म्हणजे सारें घर पांगळें होतें. आणि अशा वेळीं कोणी चुंबकाचें कडें आणून दिलें, तर नको म्हणण्याचें धैर्य कोणास होणार? म्हणूनच या उपायांत तथ्य किती व भ्रम किती, हें शांतपणें पाहणें अवश्य आहे.

चुंबकानें रोग हटतो ही कल्पना जुनी आहे. फ्रान्झ मेस्मर यानें आरंभीं लोहचुंबक वापरले. पुढें पॅरिसमध्यें त्यानें ‘प्राणिज चुंबकत्वा’चा मोठा गाजावाजा केला. १७८४ सालीं सोळाव्या लुईनें त्याच्या पंथाची चौकशी करण्यासाठीं मंडळ नेमलें. बेंजामिन फ्रँक्लिन व लाव्हाझिए हे त्याचे सभासद होते. डोळे बांधलेल्या रोग्यावर कांहींही न करतां, प्रयोग चालला आहे असें त्याला भासविलें, तरी त्यास झटके येत. उलट नकळत प्रयोग केला तर कांहींच होत नसे. हा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्णय मंडळानें दिला.

विसाव्या शतकांत मात्र या विषयास निराळें वळण लागलें. हाडावर दाब पडला कीं त्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते, असें फुकाडा व यासुदा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं दाखविलें. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळें विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें तर फॅरडेनें १८३१ सालींच सिद्ध केलें होतें. या दोन गोष्टींची सांगड घालून न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाचे अँड्र्यू बॅसेट व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मोडलेल्या भागाच्या बाहेरून तारेचीं वेटोळीं बसवावयाचीं व त्यांतून विजेचे तुटक स्पंद सोडावयाचे. म्हणजे कातडीस छेद न देतां हाडांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. न सांधलेल्या हाडांसाठीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें १९७९ सालीं अशा यंत्रास मान्यता दिली.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. यंत्राचें क्षेत्र क्षणोक्षणीं बदलतें. कड्यांतील चुंबकाचें बदलत नाहीं, म्हणून तशी वीज त्यापासून मिळत नाहीं. रक्तांतील लोह चुंबक ओढून घेतो, हेंही खरें नव्हे. तें लोह खिळ्यांतील लोखंडासारखें नसतें. रुग्णालयांत शरीराचीं चित्रें घेण्यासाठीं कड्याहून कितीतरी पट प्रबळ चुंबक वापरतात. तेथेंही रक्त एका बाजूस ओढलें जात नाहीं.

मग यंत्र तरी निश्चित गुणकारी आहे काय? ब्रिटनमध्यें कांहीं रोग्यांना चालू यंत्र व कांहींना हुबेहूब तसेंच दिसणारें निर्जीव यंत्र देऊन परीक्षा झाली. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें चालू यंत्राच्या ९ रोग्यांपैकीं ५ जणांचीं, तर निर्जीव यंत्राच्या ७ पैकीं ५ जणांचीं हाडें सांधलीं! १९९० सालच्या दुसऱ्या परीक्षेंत मात्र शल्यतज्ज्ञाच्या मतें चालू यंत्राच्या २० पैकीं ९ व निर्जीव यंत्राच्या २५ पैकीं ३ हाडें सांधलीं. पुढें ऑस्ट्रेलियांत नडगीच्या ताज्या मोडीच्या २५९ रोग्यांवर प्रयोग झाला. त्याचा निकाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. यंत्रामुळें पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग कमी झाले नाहींत. तात्पर्य, रेंगाळलेल्या हाडास यंत्राची मदत होण्याचा संभव आहे. ताज्या मोडीस तें लावण्यास आधार दिसत नाहीं.

हाड न सांधण्यास कारणें असतात: जखमेंतील दूषितता, अपुरा रक्तपुरवठा, सैल बसविलेली पट्टी, धूम्रपान. तीं शोधून दूर करणें हा पहिला उपाय होय. यंत्र त्याच्या मदतीस यावें, त्याच्या जागीं नव्हे. हृदयाची गति राखणारें यंत्र ज्याच्या छातींत बसविलेलें असेल, त्यानें तर डॉक्टरांस विचारल्यावांचून अशा वेटोळ्याजवळ जाऊं नये. कड्याची किंमत बाजारांत थोडी असेल. परंतु त्याच्या भरंवशावर उपचारावांचून दवडलेले महिने पुन्हां विकत मिळत नाहींत.