आधी त्यांचं बोलून होऊ द्या

रंगभूषा करून विंगेत ताटकळलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचे नाच खोळंबलेत, म्हणून एकाच विषयावर बोलतो. तो म्हणजे ऐकणं.

मी डॉक्टर आहे. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्ण बोलू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याचं बोलणं मध्येच तोडत होते! दवाखान्यात आजी येतात, गुडघे दुखतात म्हणतात. तपासणी होते, गोळ्या लिहून होतात. त्या पिशवी उचलतात आणि दाराशी चपला घालता घालता म्हणतात, “झोपच लागत नाही हो, हे गेल्यापासून.” खरं दुखणं अनेकदा असंच, सगळ्यात शेवटी बाहेर येतं. तोवर ऐकणाऱ्याला धीर हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारलं, तो कसा हवा? मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती, आणि आजाऱ्याजवळ घरची माणसं राहायला हवी होती. म्हणून तिथे झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. लोकांचं ऐकून घेतलं नसतं, तर चांगली इमारत झाली असती आणि लोक लांबच राहिले असते.

आता तुमच्याकडे येतो. मैत्रीण म्हणते, “गणितात फार कमी पडले गं.” आपण लगेच, “अगं, मला तर त्याहून कमी होते, मग मी ना...” झालं! तिचं राहिलं बाजूलाच. कुणी लगेच क्लासचा पत्ता देतं. तिनं पत्ता मागितलाच नव्हता. नुसतं “मग?” म्हणून पाहा. आजीच्या गोष्टीला हुंकार देतो, तसं. मोबाइल उलटा ठेवू नका, सरळ दप्तरात टाका. आणि ती बोलता बोलता थांबली, तर ती शांतता घाईनं भरू नका. ती शब्द शोधत असते. मला विचाराल तर सगळ्यात अवघड हेच आहे. जीभ शिवशिवते, उत्तर तयार असतं. पण ज्याचं उत्तर आधीच तयार आहे, त्याचं अर्धं लक्ष त्या उत्तरातच असतं.

बक्षीस समारंभानंतर मी लगेच निघणार नाही. बाहेर व्हरांड्यात बसेन. कुणाला काही सांगायचं असेल तर खुशाल या, मला घाई नाही.