नाव कुठे लिहिले आहे?
(सायंकाळच्या प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला. पाट्या-वह्या गोळा झाल्या. तेव्हा एका मावशींनी मला थांबवले. म्हणाल्या, "गुरुजी, आता केस पिकले. या वयात नाव लिहायला शिकून मला काय मिळणार?"

प्रश्न खरा होता. मी लगेच उत्तर दिले नाही. आज देतो. पण त्यासाठी थोडे मागे जाऊ. २०२० सालात जाऊ.

पाडव्याच्या दिवशी सारे बंद

त्या साली होळी ९ मार्चला आली. होळीसाठी डोंगरातल्या पाड्यांवर आलेली काही माणसे पुन्हा कामाला गेली. कोणी सुरतेला गेले, कोणी बारडोलीकडे ऊसतोडीला. मग २२ मार्चला एक दिवसाचा जनता कर्फ्यू झाला. रेल्वेगाड्या थांबल्या. आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सारा देश बंद झाला. कोरोनाची साथ पसरू नये म्हणून ही टाळेबंदी होती. आपण तिला लॉकडाऊन म्हणतो.

आधी सांगितले, २१ दिवस. ते वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेले. मोजा बरे. मार्चचे ७ दिवस, एप्रिलचे ३०, मे महिन्याचे ३१. एकूण झाले ६८ दिवस.

रोग माणसामाणसांतून पसरत होता. गर्दी टाळणे भाग होते. त्याबद्दल वाद नाही. पण चुलीला टाळे लावता येत नाही. चूल रोज पेटावी लागते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तो काळ कशाचा असतो? मोहफुले वेचण्याचा. धडगावकडे कैऱ्या चिरून आमचूर वाळवण्याचा. नंदुरबारच्या पथाऱ्यांवरची लाल मिरची आवरून विकण्याचा. माल होता. हातही होते. पण आठवडे बाजार बंद, गाड्या बंद, गुजरातची हद्दही बंद. बाजार भरला नाही तर मोहफुलांचे मीठ-तेल कसे होणार?

आणि मंडळी, धंदा एकट्याचा कधीच बुडत नाही. मजुराला मजुरी मिळाली की तो किराणा घेतो. किराणावाला स्टेशनाबाहेर चहा पितो. चहावाला दूधवाल्याला पैसे देतो. दूधवाला पेंड घेतो, सरकी घेतो. एक रुपया असा चार हातांतून फिरतो. मजुराचा रुपया थांबला की चारही हात रिकामे. दुकानदार म्हणे, गिऱ्हाईक नाही. मजूर म्हणे, काम नाही. दोघांचे खरेच होते.

चहाच्या गाडीचा हिशेब

आता एक हिशेब मांडू. फळ्याकडे बघा.

समजा, एका दादाची चहाची गाडी आहे. रोज ६०० रुपयांचा चहा खपतो. दूध, साखर, चहा, गॅस यांना ३५० जातात. हातात २५० उरतात. घरखर्च रोजचा १५०. खोलीचे भाडे महिना १५००. गाठीला ६००० रुपये आहेत.

गाडी बंद झाली. येणे शून्य. महिन्याचा घरखर्च १५० गुणिले ३०, म्हणजे ४५००. त्यात भाडे १५००. झाले ६०००. एका महिन्यात गाठ मोकळी. आणि बंद होता दोन महिन्यांहून जास्त!

मग दादाने काय केले असेल? शेगडी विकली असेल, भांडी विकली असतील. जून महिन्यात गाडी लावायची म्हटले, तर दूध आणायला पैसे नाहीत. यालाच म्हणतात भांडवल खाल्ले. बियाणे दळून खाल्ले तर पेरायचे काय? तसेच हे.

असा माणूस सावकाराकडे जातो. समजा, व्याज शेकडा ५ रुपये दरमहा. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० झाले. वर्षाला ६०००. मुद्दल तशीच उभी.

आता ऐका. त्याच वेळी, १ जून २०२० रोजी, केंद्र सरकारने स्वनिधी नावाची योजना काढली. शहरातल्या फेरीवाल्यांना आणि हातगाडीवाल्यांना बँकेतून १०,००० रुपयांचे पहिले कर्ज. तारण नाही. वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्के सूट.

मग दादाला ते कर्ज मिळाले का? विचारणारा पहिला प्रश्न विचारी : नगरपालिकेच्या यादीत नाव आहे का? नसेल तर शिफारसपत्र आहे का? ज्याचे नाव होते, तो पुढे सरकला. ज्याचे नव्हते, त्याने २० वर्षे त्याच कोपऱ्यावर चहा विकला असला, तरी कागदाच्या लेखी तो तिथे नव्हताच.

एक शब्द वाचू

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. १४ एप्रिलपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध आले. या वेळी राज्य सरकारने बंदबरोबर मदतही जाहीर केली. फेरीवाल्यांना १५०० रुपये, परवानाधारक रिक्षाचालकांना १५००, बांधकाम कामगारांना १५००.

पण त्या मदतीच्या घोषणेत एक शब्द होता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. तुम्ही फोड करून वाचा.

नों-द-णी-कृ-त.

नोंदणीकृत. म्हणजे ज्याची नोंद झालेली आहे तो. नोंदणीकृत फेरीवाला. नोंदणीकृत बांधकाम कामगार. हा शब्द लहान नाही. पण तो वाचायला शिका. कारण या एका शब्दाच्या अलीकडे १५०० रुपये होते आणि पलीकडे काही नव्हते. ज्याने उन्हात विटा वाहिल्या, पण नाव नोंदवले नाही, तो पलीकडे राहिला.

बाहेरगावी गेलेला मजूर

आता मजुराचे बघू. नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेते. ऊसतोडीला जाते. किती दिवस तोड झाली, किती टन ऊस गेला, किती उचल फिटली, हे सारे मुकादमाच्या वहीत. जोडीच्या हाती काय? अंगठ्याची शाई.

एकदम काम थांबले, वाहन मिळेना, फडावरच अडकून पडावे लागले. अशा वेळी मुकादम म्हणाला, "तुमच्याकडेच पाच हजार फिरतात," तर नाही कसे म्हणायचे? सगळेच मुकादम खोटे असतात असे नाही. पण वही एकाच्याच हातात असली की खरे-खोटे ताडून पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट धान्याची. रेशन कार्ड धडगावला आणि तोंड सुरतेला. आता काय खायचे? खरे तर ऑगस्ट २०१९ पासूनच महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सोय झाली होती. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्याच्या दुकानात चालावे, अशी ती सोय. कार्डाला आधार जोडलेले हवे, दुकानात अंगठ्याचे यंत्र हवे. पण ज्याला हे ठाऊकच नाही, तो मागणार काय? सोय कागदावर होती आणि कागद वाचणारा कोणी नव्हता.

एप्रिल २०२० पासून अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांच्या कार्डावर माणशी दरमहा ५ किलो धान्य फुकट मिळू लागले. माणशी म्हणजे कोण? कार्डावर ज्याचे नाव आहे तो. नवी सून घरात आली, पण कार्डावर आली नाही, तर तिचे ५ किलो आले नाहीत. नातू रांगू लागला, पण त्याचे नाव चढले नाही, तर त्याचेही नाही. घरात माणसे सात आणि कार्डावर पाच, तर महिन्याला १० किलो कमी.

एक दिवसाची हजेरी

जे गावी परतले, त्यांनी काम मागितले. तेव्हा रोजगार हमीचा कायदा होता. हा विचार मूळचा आपल्याच महाराष्ट्राचा. वि. स. पागे यांनी तो मांडला आणि १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना त्याने काम दिले. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभर तसा कायदा केला. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात त्याची मजुरी रोज २३८ रुपये झाली.

त्यात एक अट होती. काम लेखी मागायचे आणि तारखेची पोच घ्यायची. १५ दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता मागता येई. पण पोच नसेल, तर काम मागितले होते याला पुरावा काय? नुसते तोंडी मागणे वाऱ्यावर गेले.

आणि ही गोष्ट तर नीट ध्यानात ठेवा. २०२० मध्ये राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी योजना पुन्हा काढली. कुटुंबामागे ४००० रुपये. निम्मे खात्यात, निम्म्याचे धान्य आणि किराणा. ते कोणाला? विधवा बाया, भूमिहीन शेतमजूर अशांना. आणि आदल्या वर्षी रोजगार हमीवर एक दिवस जरी काम केले असेल, त्या आदिवासी मजुराला.

एक दिवस! हजेरीपत्रकावर एका दिवसाची नोंद. तिने ४००० रुपयांचे दार उघडले. ही मदत बऱ्याच घरी पोचायला २०२१ उजाडले, हे खरे. भूक मात्र २०२० मध्येच लागली होती. तरी ज्याचे नाव होते त्याला ती मिळाली.

हप्ता थांबला, व्याज थांबले नाही

कर्जाचीही एक गोष्ट सांगतो. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने मुभा दिली की कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलावेत. ती मुदत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पुष्कळांना वाटले, हप्ता माफ झाला. माफ नव्हता. पुढे ढकलला होता. आणि त्या काळाचे व्याज चालूच होते. व्याजावर चढलेले व्याज सरकारने नंतर भरून दिले. पण मूळ व्याज ज्याचे त्यालाच द्यावे लागले.

'माफ' आणि 'पुढे ढकलला'. दोन्ही शब्द वाचता आले असते, तर हा घोटाळा झाला नसता.

दोष कोणाचा?

आता कोणी म्हणेल, "म्हणजे गुरुजी, उपाशी राहिलो तो आमचाच दोष!"

नाही हो, मुळीच नाही. डोंगरातल्या पाड्यावर जाऊन नाव लिहून घेणे हे सरकारचे काम आहे. जे काम देतात, त्यांनी हिशेब लिहून देणे हे त्यांचे काम आहे. नाव असूनही कित्येकांचे अंगठे यंत्राने घेतले नाहीत. खात्यात पैसे आले, पण बँक लांब आणि एसटी बंद. लिहिता येणाऱ्यालाही तेव्हा सुख नव्हते. आणि जिथे कागद पोचला नाही, तिथे शेजाऱ्याची भाकरीच पोचली. तीही विसरू नका.

पण मंडळी, समोरचा त्याचे काम करील तेव्हा करील. आपल्या हातात जेवढे आहे, तेवढे आपण करू.

आजपासून काय करायचे?

एक. घरात एक वही ठेवा. रोज काम केले तर तारीख, गाव, काम आणि मजुरी लिहा. उचल घेतली तर ती लिहा. मुकादमाच्या वहीशी महिन्याला ताडून पाहा.

दोन. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा. दोन डबे करा. भांडवलाच्या डब्याला हात लावायचा तर आधी वहीत लिहा.

तीन. रेशन कार्ड काढा आणि वाचा. घरातले प्रत्येक नाव त्यावर आहे का ते बघा. नसेल तर अर्ज द्या.

चार. आपल्या कामाची नोंद करा. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार मंडळात. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी निघाली आहे, तीही करा.

पाच. अर्ज दिला की पोच घ्या. पोचेवर तारीख आहे का ते स्वतः वाचा.

योजनांची नावे बदलतात, कायदे बदलतात, रकमा बदलतात. पण 'नाव नोंदवा, अर्ज द्या, पोच घ्या' हे बदलत नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. मावशी, या वयात नाव लिहून काय मिळणार, असे तुम्ही विचारलेत. संकट पुन्हा येईल. साथीचे येईल, दुष्काळाचे येईल, कसेही येईल. त्या दिवशी टेबलामागचा माणूस विचारील, "नाव कुठे लिहिले आहे?" तेव्हा बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, "हे बघा, इथे. हे माझे नाव." ते आपले आहे की दुसऱ्याचे, हे दुसऱ्याला विचारावे लागू नये. एवढे मिळेल.

चला, वह्या उघडा. आजची तारीख लिहा. खाली आपले नाव, आपले गाव, आज केलेले काम आणि मिळालेली मजुरी लिहा. चुकले तरी चालेल. खोडा आणि पुन्हा लिहा.

रामराम.