तबकड्यांमागची माणसे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



हीरक महोत्सव हा जसा गुणवंतांच्या नावांचा फलक वाचण्याचा प्रसंग असतो, तसाच तो ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत त्यांना आठवण्याचाही असतो. वेळेवर घंटा देणारा शिपाई, प्रयोगशाळेतील काचनळ्या धुऊन ठेवणारा सहायक, जन्मतारखा बिनचूक नोंदवणारा कारकून यांच्यावाचून कोणताही विद्यार्थी गुणवंत झालेला नाही. आजच्या भाषणाचा विषय विज्ञानाचा असला तरी तो अशाच माणसांचा आहे. त्याची सुरुवात याच दिल्लीत, करोल बागेपासून जवळच असलेल्या पूसा परिसरात होते आणि त्याचा मुक्काम आहे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातले खोडद हे गाव.

पूसा परिसरातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत 1950 नंतरच्या काळात के. एस. कृष्णन् संचालक होते. अलाहाबाद विद्यापीठातून एम. एस्सी. झालेला गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण त्यांच्या हाताखाली काम करू लागला. 1953 साली त्याला ऑस्ट्रेलियात सिडनी येथे पाठवण्यात आले. रेडिओ खगोलशास्त्र हे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. आकाशातील ज्योती केवळ प्रकाश देत नाहीत, त्यांच्याकडून रेडिओलहरीही येतात आणि त्या टिपण्यासाठी डोळ्यांऐवजी अँटेना लागतात, एवढे कळून फार वर्षे झाली नव्हती. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचा वेध घेण्यासाठी सहा फूट व्यासाच्या 32 तबकड्या एका रांगेत उभ्या होत्या. त्यांचे तेथील काम संपले आणि त्या मोडीत निघणार असे दिसले, तेव्हा त्या भारताला मिळाव्यात असा प्रयत्न स्वरूप यांनी केला. ऑस्ट्रेलियाने त्या भेट दिल्या. मात्र त्या भारतात आणण्याच्या खर्चावरून विलंब होत राहिला आणि दरम्यान स्वरूप स्वतःच 1956 साली अमेरिकेला गेले.

तबकड्या अखेर दिल्लीला पोहोचल्या, परंतु त्यांची दुर्बीण येथे उभी राहू शकली नाही. साहित्य आले तेव्हा ते जोडणारी, त्याची निगा राखणारी आणि रात्रंदिवस त्याच्यापाशी बसणारी माणसे एकत्र नव्हती. नुसत्या तबकड्यांची दुर्बीण होत नाही, हा या हकिकतीचा पहिला धडा दिल्लीच्या भूमीवर मिळाला.

पुढे डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करण्याचे ठरवले आणि 1963 साली स्वरूप मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर दिल्लीच्या त्याच प्रयोगशाळेतील काही जुने सहकारी आणि नुकतेच शिक्षण संपवलेले काही तरुण आले. पॉट्स हिलच्या 32 तबकड्या दिल्लीहून महाराष्ट्रात नेण्यात आल्या आणि 1965 साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांची दुर्बीण सूर्याचा वेध घेऊ लागली. तबकड्या त्याच होत्या. फक्त त्यांना माणसे मिळाली होती. पाच वर्षांनी उटीला डोंगरउतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. 1987 साली खोडदच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि 2002 साली ती दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते.

या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या क्षेत्रात आहेत आणि उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ या अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. हा सारा पसारा सुमारे 25 किलोमीटरचा आहे. एवढी मोठी अखंड तबकडी बांधणे अशक्य. म्हणून लहान तबकड्या दूरदूर मांडून त्यांचे संदेश एकत्र जुळवायचे, अशी ही युक्ती आहे. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे ताणलेल्या दोरखंडांवर बसवलेली पोलादी तारांची जाळी होय. तार सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची. रेडिओलहरींच्या लेखी ही जाळी सलग आरसाच असतो. वाऱ्याला मात्र ती वाट देते. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि भारताला परवडेल अशा खर्चात तयार झाली.

या 30 तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीकडून आकाशाच्या चित्राचा एकेक अंश मिळतो. एक तबकडी बंद पडली की 29 जोड्या एकदम जातात. दोन बंद पडल्या की 57. लांबच्या टोकाच्या तबकड्या गेल्या तर चित्रातील बारकावेच नाहीसे होतात. म्हणून भुजेच्या अगदी शेवटच्या तबकडीची मोटर भर पावसात दुरुस्त करायला जाणारा तंत्रज्ञ हा त्या संशोधनाचा साक्षात भागीदार असतो, मग त्याला तो शोध कशाविषयी आहे हे ठाऊक असो वा नसो.

खगोलशास्त्रज्ञाला दुर्बीण वापरायला मिळते ती कशी, हेही पाहण्यासारखे आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात. अर्जदार पुण्याचा असो वा युरोपातला, त्याची कल्पना किती कसाची आहे हे एक समिती पारखते आणि दुर्बिणीचे तास वाटून देते. मागणी नेहमीच उपलब्ध वेळेपेक्षा अधिक असते. त्यामुळे मिळालेला एकेक तास मोलाचा. त्या तासांत काय करायचे याचा तपशील शास्त्रज्ञ कळवतो. नियंत्रण कक्षात पाळीवर असलेला चालक त्याप्रमाणे तबकड्या वळवतो, कोणती साथ देत नाही ते पाहतो आणि त्याची नोंद ठेवतो. एखादी तबकडी मधेच वीस मिनिटे थांबली आणि ते लिहून ठेवले गेले नाही, तर ती चूक आकाशातील एखाद्या घटनेसारखी भासू शकते. वाण्याने प्रमाणित वजनावर तराजू तपासावा, तसे ज्याचे तेज आधीच मोजलेले आहे अशा स्रोताकडे ठरावीक अंतराने तबकड्या वळवून साऱ्या यंत्रणेची पारख करावी लागते. वाऱ्याचा वेग मर्यादेपलीकडे गेला तर काम थांबवून तबकड्या सुरक्षित स्थितीत आणाव्या लागतात. अर्जदार त्या वेळी कदाचित दुसऱ्या खंडात झोपलेला असेल. त्याच्या निर्धास्त झोपेमागे खोडदचे जागरण असते.

त्यानंतर सुरू होते गाळण्याचे काम. करोल बागेतील गलाई कारागीर दिल्लीकर मराठी माणसाला नवे नाहीत. सांगलीकडच्या विटा-खानापूर भागातून आलेले हे कारागीर जुन्या सोन्यातील हीण काढून चोख सोने हाती देतात. दुर्बिणीच्या नोंदींत आकाशाचा संदेश थोडा आणि पृथ्वीवरचे हीण फार असते. कोणत्या नोंदी टाकायच्या आणि कोणत्या ठेवायच्या, यासाठी संगणकाच्या प्रणाली आहेत. पण कसाला लावणारी नजर अजूनही माणसाचीच लागते.

हे हीण येते कुठून? मोबाईल मनोरे, दूरचित्रवाणीचे बूस्टर, ठिणग्या पाडणाऱ्या वीजवाहिन्या, उपग्रह, विमाने, सर्वांकडून. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू ठेवला, तर तोही रेडिओ आकाशातील ठळक स्रोतांपैकी एक ठरेल; दूरच्या दीर्घिका त्याहून कितीतरी क्षीण आहेत. मग दुर्बिणीपासून काही किलोमीटरवरच्या मनोऱ्याची काय कथा! खोडदची जागा निवडली गेली ती तेथील रेडिओ कोलाहल कमी आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा, म्हणून. ती शांतता टिकवण्यासाठी केंद्राची माणसे उपकरणे घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरतात आणि व्यत्यय कोठून येतो ते शोधतात. बिघडलेला बूस्टर बदलायला, सैल झालेला वीजजोड दुरुस्त करायला घरमालकाला आणि वीज कर्मचाऱ्याला राजी करणे हेही खगोलशास्त्राचेच काम आहे.

या कामाचे एक टोक पुन्हा दिल्लीत येते. देशात कोणत्या कामाला कोणत्या कंप्रता द्यायच्या, मनोऱ्यांना जागांची मान्यता कशी द्यायची, याचे निर्णय दूरसंचार विभागाच्या येथील कार्यालयांतून होतात. हायड्रोजनचा संदेश ज्या पट्ट्यात येतो, त्या 1400 ते 1427 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपण करायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. परंतु खोडदची दुर्बीण त्याखालच्या विस्तृत पट्ट्यांतही ऐकते आणि तेथे व्यवहाराची गर्दी आहे. कागदावरच्या एका नोंदीने ताऱ्यांचा आवाज बुजू शकतो किंवा वाचू शकतो. सरकारी कचेऱ्यांत काम करणारे या शाळेचे माजी विद्यार्थी अनेक असतील. फाईल हीही कधी कधी दुर्बिणीचा भाग असते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

या शांततेची किंमत मात्र नारायणगाव-खोडद परिसरातील माणसे मोजत आली आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुर्बिणीजवळ उद्योग आणायचे तर तिचा विचार आधी करावा लागतो. पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाची आखणीही याच कारणाने अडखळली. द्राक्षे आणि टोमॅटो पिकवणाऱ्या त्या भागातील तरुणाने, ‘तारे ऐकून आमच्या हाताला काम मिळते का?’ असे विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे सारे उत्तर विज्ञानापाशी नाही. तथापि दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला खेड्यापाड्यांतील हजारो मुले येतात आणि आपल्या गावाजवळच्या तबकड्यांखाली उभी राहून विश्वाविषयी प्रश्न विचारतात. ज्यांच्या गावाने शांतता दिली, त्यांच्या मुलांना ज्ञानातला वाटा मिळालाच पाहिजे. तो केवळ सौजन्याचा भाग नव्हे. ते देणे आहे.

19 ऑक्टोबर 2016 या दिवसाचा उल्लेख येथे केला पाहिजे. युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरणार होते. त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर थेट ऐकण्याची कामगिरी खोडदकडे होती. संदेशाला पृथ्वीपर्यंत यायला सुमारे पावणेदहा मिनिटे लागत होती. यानाचा मंगळाच्या वातावरणातील प्रवेश आणि हवाई छत्रीच्या आधाराने होणारी घसरण खोडदला ऐकू आली. आणि उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी संदेश थांबला. यान कोसळले होते. मोहिमेचा तो भाग फसला, पण ऐकणाऱ्यांचे काम फसले नाही. आवाज कोठवर आला आणि कोठे तुटला, हे खात्रीने सांगता येणे हेच त्यांचे कर्तव्य होते.

गोविंद स्वरूप 7 सप्टेंबर 2020 रोजी पुण्यात निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने जीएमआरटीला मैलाचा दगड म्हणून गौरवले. हा गौरव अभियंत्यांनी केलेला होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

पालकहो, मुलगी खगोलशास्त्रज्ञ व्हावी असे स्वप्न अवश्य पाहा. पण ती उद्या विद्युत अभियंता झाली, संगणकप्रणाली लिहू लागली, पदविका घेऊन यंत्रांची निगा राखू लागली किंवा नियंत्रण कक्षात रात्रपाळी करू लागली, तर स्वप्न अपुरे राहिले असे मानू नका. पूसा परिसरात 32 तबकड्या आल्या होत्या आणि आकाशही हेच होते. उणीव होती ती अशा माणसांची. ती माणसे घडवण्याचे काम शाळाच करीत असतात. या शाळेने ते इतकी वर्षे, महाराष्ट्रापासून दूर, मराठीतून केले. पुढील वर्षांतही तिने ते करीत राहावे, ही शुभेच्छा.